घोयऱ्याला घरात कोंडू नका

महोदय,

परसात किंवा रस्त्यावर सापडलेला घोयरा सरडा (रंग बदलणारा शॅमेलिऑन) हौसेने काचेच्या पेटीत ठेवला जातो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, त्यामुळे तो पकडणे आणि पाळणे गुन्हा आहे. पण पेटीत त्याचे हाल कसे होतात, हेही कळायला हवे.

घोयरा वाटीतले पाणी सहसा पीत नाही, पानांवरचे दव आणि पावसाचे थेंब टिपतो. वाटी भरलेली असते आणि त्याचे डोळे मात्र खोल जातात. अंगातले पाणी आटल्याची ती खूण. काचेतून उजेड येतो, पण उन्हातले हाडांना लागणारे अतिनील किरण बहुतांशी अडतात. मग ड जीवनसत्त्व बनत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही, पाय वाकतात, जबडा मऊ पडतो. जीभ फेकून किडा धरणेही त्याला जमेनासे होते. तोंडात कोंबलेला भात हे त्याचे खाणे नव्हेच!

फांदीवरून त्याला ओढू नये, नखे तुटतात. समोर काठी आडवी धरली की तो आपणहून चढतो. रस्ता ओलांडत असेल तर ज्या बाजूला निघाला होता तिथल्याच झुडपात सोडावा. पोट फुगलेली मादी जमिनीवर दिसली तर ती आजारी असेलच असे नाही, अंडी पुरायलाही ती उतरते. जखमी घोयरा भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, आत फांदी घालून, सावलीत ठेवावा आणि लगेच वनविभागाला 1926 वर कळवावे.

– एक सर्पमित्र, रत्नागिरी