हँडबिलावर नाव सक्तीचे, फॉरवर्डला मोकळे रान

महोदय,

प्रचाराचे साधे हँडबिल छापायचे तरी लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 चे कलम 127-अ आडवे येते. मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता दर्शनी भागावर हवा. छपाईआधी प्रकाशकाकडून दोन प्रतींत घोषणापत्र घ्यायचे, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या. काम झाल्यावर घोषणापत्राची एक प्रत पत्रकासह जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे पोचवायची. चुकले तर सहा महिन्यांपर्यंत कैद, 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. निनावी बदनामीचे काम शहाणा छापखाना घेत नाही, ते यामुळेच.

तोच मजकूर 1080 बाय 1080 पिक्सेलचे चित्र होऊन व्हॉट्सअॅपवर येतो तेव्हा खाली फार तर 'एक जागरूक मतदार' एवढेच असते. गंमत म्हणजे, हाताने नक्कल करणे वगळता प्रती वाढवण्याची कोणतीही प्रक्रिया म्हणजे छपाई, असे हेच कलम सांगते. 1024 जणांच्या ग्रुपवर चित्र टाकणे हे प्रती वाढवणे नाही तर काय?

व्हॉट्सअॅप कंपनीने काहीच केले नाही असे नाही. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात 1 जुलै 2018 रोजी मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. त्याच महिन्यात भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा येणार असल्याचे जाहीर झाले. एप्रिल 2020 पासून दुहेरी बाणाचा, म्हणजे आधीच अनेकदा फॉरवर्ड झालेला, संदेश एका वेळी एकाच चॅटला जातो. पण बाण संदेशाला चिकटलेला असतो, चित्राला नाही. चित्र गॅलरीत सेव्ह करून नव्याने पाठवले की बाण गायब आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. प्रचाराची वॉर रूम सांभाळणाऱ्या पोरांना हे पाठ असते.

निवडणूक आयोगाने ऑक्टोबर 2025 मध्ये एआयने बनवलेल्या प्रचारसाहित्यावर दृश्य भागाच्या किमान 10 टक्के जागेत तशी पट्टी टाकायला सांगितले. नुसता ऑडिओ असेल तर सुरुवातीच्या 10 टक्के वेळात. म्हणजे 30 सेकंदांच्या क्लिपमध्ये पहिले 3 सेकंद, आणि कापायला सगळ्यांत सोपे तेच. बनवणाऱ्याचे नाव मात्र मेटाडेटात (फाइलसोबत दडलेल्या माहितीत) किंवा कॅप्शनमध्ये दिले तरी चालते. फोटो म्हणून पाठवताना व्हॉट्सअॅप मेटाडेटा पुसते आणि कॅप्शन फॉरवर्ड करताना काढता येते. नाव लिहायला नेमक्या उडून जाणाऱ्या दोन जागा निवडल्या आहेत!

नाव चित्राच्या आतच हवे, एआय असो वा नसो. तेही तळाच्या कडेला नको, एका क्रॉपमध्ये जाते. उमेदवाराच्या चेहऱ्याला किंवा मुख्य ओळीला लागून, 1080 च्या चित्रात निदान 30 पिक्सेल उंचीच्या अक्षरात टाकावे. त्याहून बारीक देवनागरी दोन-तीनदा सेव्ह होऊन फिरली की वेलांट्या आणि अनुस्वार विरघळतात. व्हिडिओत ओळ शेवटपर्यंत राहावी, ऑडिओत मध्येही एकदा उच्चारावी. बनवेगिरी करणारा तरीही करेलच, पण मग बिननावाचे चित्र दिसताच संशय घेता येईल, जसा आज बिननावाच्या हँडबिलावर घेतला जातो.

तक्रारीची वाटही दुरुस्त करावी. आचारसंहिताभंगाच्या तक्रारींसाठी असलेले आयोगाचे सी-व्हिजिल अॅप 100 मिनिटांत दखलीचे आश्वासन देते, पण त्यात फोटो-व्हिडिओ जागेवरच काढावा लागतो. गॅलरीतला चालत नाही. भिंतीवरच्या फ्लेक्ससाठी हे योग्यच आहे. फॉरवर्डसाठी मात्र एका फोनच्या पडद्याचा दुसऱ्या फोनने फोटो काढावा लागतो, आणि नोंद होते ती तक्रारदार उभा असलेल्या जागेची. आयोगाने फॉरवर्डसाठी वेगळा रकाना द्यावा. तोवर जिल्हा माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडे लेखी तक्रार करावी. ग्रुपचे नाव, पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट जोडावा. मूळ संदेश डिलीट करू नये आणि ग्रुपमधून रागाने बाहेरही पडू नये. प्रकरण कोर्टात गेले तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलवरून काढलेला, तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) भरावी लागते, त्यासाठी मूळ फाइल हाताशी असलेली बरी.

– एक मुद्रण व्यावसायिक, सांगली