उद्योगमंत्री साहेब, कंपनीच्या आतल्या स्टार्टअपकडेपण बघा

माननीय उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी चाकण एमआयडीसीत प्रॉडक्शनला आहे, १४ वर्षं झाली. २०१६ ला स्टार्टअप इंडिया आलं, आपल्या राज्याचीपण पॉलिसी आहे, चांगलंच आहे, पण सगळ्यांना नोकरी सोडून बाहेर पडलेला पोरगाच दिसतो. घराचे हप्ते फेडत मोठ्या कंपनीत राबणाऱ्याच्या डोक्यातली आयडिया कुठे जाते ते सांगतो.

आमच्या लाइनवर एक ऑपरेटर आहे, आयटीआय झालेला. व्हीएमसीवर, म्हणजे धातू कापायच्या कॉम्प्युटरवाल्या मशीनवर, इन्सर्ट (कापणारं छोटं पातं) तुटला की जॉब, म्हणजे बनत असलेला पार्ट, रिजेक्ट. ह्याच्या लक्षात आलं की तुटायच्या आधी स्पिंडलचा, म्हणजे टूल फिरवणाऱ्या दांड्याचा, लोड हळूहळू चढत जातो, मग पठ्ठ्याने स्वतःच्या पैशाने करंट सेन्सर आणला, नाइट संपवून घरी सर्किट जोडलं, प्लास्टिकच्या डब्यात बसवलं आणि वर लाल दिवा. दिवा लागला की मशीन थांबवून इन्सर्ट बदलायचा. तीन महिने त्याच्या मशीनवर एकही जॉब त्यापायी गेला नाही. मिळालं काय, तर सर्टिफिकेट आणि टिफिन. पुढे वाढवू म्हटलं तर वरचे म्हणाले हा आपला धंदा नाही. बाहेर जाऊन करावं तर अपॉइंटमेंट लेटरवर सही आहे, नोकरीत असताना केलेलं सगळं कंपनीचं. म्हणजे कंपनी करणार नाही आणि त्याला करू देणार नाही.

मनावर घेतलं तर होतं हो. २००२ ला आलेली स्कॉर्पिओ महिंद्राच्या आतल्याच टीमने नाशिकला बनवली. टाटा ग्रुप तर फसलेल्या प्रयत्नालापण बक्षीस देतो. पण हे सगळं मॅनेजमेंटच्या मर्जीवर.

सरकार मोठ्या प्रोजेक्टला सवलती देतं ना, मग तिथेच अट घाला. कंपनी जी आयडिया वापरणार नाही ती ठरावीक मुदतीत कामगाराला लिहून द्यायची, हिस्सा ठेवायचा तर ठेवू दे, आणि त्याला एक वर्ष बिनपगारी रजा, नाही जमलं तर त्याच जागेवर परत. ही परतीची हमी फार मोठी आहे साहेब, घरात एकटा कमावणारा असला की त्याशिवाय कोण उडी मारणार? अजून एक, जुना धंदा तोडून काढलेल्या कंपनीला स्टार्टअपची मान्यता मिळत नाही. पळवाट बंद करायला नियम बरोबर आहे, पण कंपनीत वाढलेला प्रोजेक्ट कामगाराने बाहेर काढला तर तो त्यात अडकू नये, हे तेवढं केंद्राकडे मांडा.

तो डबा अजून त्याच्या लॉकरमध्ये आहे. चाकणला आलात तर दाखवायला सांगतो.

आपला,
चाकणचा एक प्रॉडक्शन इंजिनिअर