डिसेंबरला येत नाहीये

ती. आई-बाबांना सा. न.

आई, आधी खाली बस, मग वाच. डिसेंबरला मी येत नाहीये. इथे ॲरिझोनात एम्पायर रँच म्हणून गुरं पाळायची जुनी जागा आहे, तिथल्या जुन्या घराच्या डागडुजीचं काम घेतलंय, दोन वर्षांचं. सहीसुद्धा झाली. फोनवर सांगायला जीभ रेटेना.

बाबा, पैशासाठी नाही हो, पैसे उलट कमीच. पण तुम्ही हे घर पाहिलंत तर तुम्हीच म्हणाल, थांब. कच्च्या विटांच्या भिंती, आपल्या गावच्या घरासारख्या. १८७६ साली वॉल्टर व्हेल आणि हर्बर्ट हिस्लॉप या दोन तरण्या पोरांनी १६० एकरांसकट घेतलं, तेव्हा चार खोल्या होत्या, आता बावीस. परवा एका भिंतीचा पोपडा सुटला तर आत गवताची काडी, काल कापल्यासारखी पिवळी!

गुरं राखायला मेक्सिकन वाकेरो असायचे. काउबॉयचा दोर, मांडीवर चढवायचं चामड्याचं आवरण, सगळं मुळात त्यांचं, नावांसकट. सिनेमावाल्यांनी भाव मात्र काउबॉयलाच दिला. १८९१ ते ९३ पाऊस असा रुसला की या भागात गुरं हजारोंनी मेली. ते वाचताना तुमचा बहात्तरचा दुष्काळ आठवला, आणि आजोबांनी दावं सोडून दिलेली ढवळी.

आई, इथे विषारी सरडे असतात हे बाबा शोधून काढतीलच, म्हणून मीच सांगते. १८९०मध्ये खुद्द व्हेलला चावला, कारण मेलाय समजून त्याने तो खोगिराला बांधला होता. मी काही बांधत नाही. तूरडाळ मिळते, कुकर आहे, मेतकूट अजून अर्धी बरणी आहे. रात्री गारठा पडतो तेव्हा तुझा निळा स्वेटर.

आणि हो, घोड्यावर बसायला शिकतेय. घोडी म्हातारी आहे, धावत नाही. माथेरानला मी भोकाड पसरलं तेव्हा बाबा, तुम्ही माझा पाय धरून दस्तुरीपासून बाजारापर्यंत चालत आला होतात. अजून रिकिबीत पाय घालताना खाली बघते, तुमचा हात आहे का.

आता ऐका. बीपीची गोळी सकाळीच, 'बरं वाटतंय' म्हणून बंद नाही. आई, माळ्यावर चढायचं नाही, डबे खाली काढून घे. गुडघा दाखवायला पुढच्या आठवड्यात जायचंच, दादाला सांगितलंय. रागावून नाही म्हणत गं.

हिस्लॉप बहिणीला लांबलचक पत्रं लिहायचा. १८७८मध्ये, दोनच वर्षांत, तो इंग्लंडला परत गेला. आई, तू तेवढंच लक्षात ठेव. व्हेल राहिला, ते बाबांना सांगू नकोस.

तुमची,
चिमी