बाबांच्या रात्रीच्या मासेमारीबद्दल, तुम्ही येण्याआधी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

तिकिटं झाली हे वाचून बरं वाटलं. जुलैतल्या अमावस्येच्या आधी चार दिवस तुम्ही इथे अमेरिकेत पोचताय, म्हणजे बाबांच्या मनात आहे ते नीट जमेल. बाबांनी विचारलंय की इथला स्ट्राइप्ड बास मासा धरायला रात्रीच का जायचं आणि पाण्यात किती आत शिरायचं. आईचा प्रश्न वेगळा आहे: सत्तरी ओलांडलेल्या माणसाने मध्यरात्री परक्या समुद्रावर उभं का राहायचं? दोघांना उत्तर एकच आहे. उन्हाळ्यात रात्री हा मासा काठाला, अगदी पायाशी येतो. त्याच्यासाठी आत जावं लागत नाही आणि बाबा जाणारही नाहीत. आई, हे मी तुला आधीच लिहून देते.

बाबा, तुम्हाला जिताडा माहीत आहे, त्यामुळे ओळख सोपी जाईल. तसंच मोठं तोंड, तसंच वाहत्या पाण्याच्या कडेला दबा धरून बसणं. अंग रुपेरी आणि त्यावर सात-आठ काळे पट्टे, लांबीत आडवे. जन्माचा क्रम मात्र उलटा. जिताडा खाडीत वाढतो आणि वीण घालायला खाऱ्या पाण्याकडे जातो. हा समुद्रात वाढतो आणि वसंतात नदीच्या गोड्या पाण्यात अंडी घालतो, मुख्यत्वे चेसापीक उपसागराच्या नद्यांत आणि हडसनमध्ये. मग थंड पाण्याच्या मागे उत्तरेला आमच्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यापर्यंत येतो आणि थंडीच्या तोंडावर परत फिरतो. काठावरून धरलेल्या माशांत सगळ्यात मोठा १९८२ च्या सप्टेंबरात अटलांटिक सिटीच्या धक्क्यावर लागला, साडेअठ्ठ्याहत्तर पौंडांचा, म्हणजे साडेपस्तीस किलोंच्या वर. तोही रात्रीच. आपल्याला लागणारे बहुतेक दोन ते सात किलोंचे असतील.

रात्र का, तर थंडावा आणि अंधार. या माशाला साधारण १३ ते २० अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. उन्हाळ्यात दुपारी उथळ पाणी तापतं, वर लख्ख प्रकाश आणि पोहणाऱ्यांचा गोंधळ, तेव्हा मोठे मासे खोल पाण्यात राहतात. अंधार पडला की ते काठाला चरायला येतात. इथे सँड ईल नावाचा बोटाएवढा बारीक, लांबट मासा असतो. तो वाळूत पुरून घेऊन बसतो आणि बाहेर निघाला की बास त्याला टिपतो. हे सगळं होतं गुडघा ते कंबरभर पाण्यात.

म्हणून लांब फेकायचा हट्ट सोडायचा. किनाऱ्याला समांतर वाळूचा एक उंचवटा असतो आणि त्याच्या व पुळणीच्या मध्ये एक घळ. मासा त्या घळीतून काठाकाठाने फिरतो. नवखा माणूस अंधारात तडक मांडीभर पाण्यात जाऊन उभा राहतो, म्हणजे माशाच्या वाटेवरच उभा राहतो, आणि पुढे शंभर फूट फेकत बसतो. पहिल्या पाच-सहा फेकी कोरड्या वाळूवरून करायच्या, काठाला तिरक्या, जवळजवळ समांतर. गळ पार पायाशी येईपर्यंत ओढणं थांबवायचं नाही. कितीतरी मासे शेवटच्या दहा फुटांत लागतात.

ही घळ रात्री दिसत नाही. ती दिवसा, ओहोटीला पाहून ठेवायची. उंचवट्यात जिथे खिंड पडलेली असेल तिथून ओहोटीचं पाणी जोरात बाहेर जातं आणि मासा त्या खिंडीच्या तोंडाशी, थोडा बाजूला, उभा असतो. खिंडीच्या समोर काठावर काय आहे, एखादं घर, कुंपणाचा खांब, हे लक्षात ठेवायचं. निम्मं काम इथेच होतं.

भरतीचा हिशोब तुम्ही तिथे करता तसाच, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा बोस्टनच्या बाजूला ढोबळमानाने जुळतो. अमावस्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास, अष्टमीला सहाच्या आसपास. पण केप कॉड या भूशिराच्या दक्षिणेला गेलो की भरती तीन-चार तास आधीच होते आणि पाऊणपट साफ चुकते, त्यामुळे तक्ता पाहणं सोडायचं नाही. उधाणाच्या दिवसांत पाणी जोरात चालतं, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, मंद. मोकळ्या पुळणीवर भरतीचे शेवटचे दोन तास आणि ओहोटीचे पहिले दोन तास सगळ्यात चांगले. अमावस्येला ते रात्री दहा ते दोन असे पडतात. काळोख पूर्ण, पाणी चालतं. याहून चांगली वेळ मागू नये. पाणी थबकलं की मासाही थबकतो. तेव्हा चहा प्यायचा.

जागा बोस्टनच्या उत्तरेला असलेल्या प्लम आयलंडची ठरवली आहे. उत्तरेकडची गावाजवळची पुळण आपल्या कामाची, कारण दक्षिणेकडचा बराच पट्टा अभयारण्याचा आहे आणि पाइपिंग प्लोव्हर पक्ष्यांच्या विणीसाठी एप्रिलपासून बंद असतो. मेरिमॅक नदीच्या मुखाशी मासा जास्त असतो, पण तिथे बाबांना नेणार नाही. ओहोटीचं पाणी नदीतून भन्नाट सुटतं, समोरून लाट येते आणि पायाखालची वाळू सरकते. केपच्या बाहेरच्या बाजूला, चॅटम-नॉसेटकडे, सील फार आणि त्यांच्या मागे पांढरे शार्क. तिथे उन्हाळ्यात रात्री पाण्यात पाय घालू नये. आपल्या पुळणीवरही सील दिसला तर जागा बदलायची, तो गळाला लागलेला मासा पळवतो.

सामान इथे तयार आहे. नऊ फुटी रॉड, पाऊण ते तीन औंस पेलणारा. दहा-अकरा फुटी रॉड लांब फेकतो, पण चार तास हलवून खांदा भरून येतो. रीळ ५००० मापाचं, त्यावर ३० पौंडी वेणीचा दोरा. पुढे तीन फूट ४० पौंडी तंगूस, टोकाला क्लिप, म्हणजे ल्यूर (खोटं आमिष) बदलायला अंधारात गाठ मारावी लागत नाही. ड्रॅग, म्हणजे किती ओढीला रिळाने दोरा सोडायचा ते, आठ पौंडांवर लावलेला असेल, सामान तोलायच्या काट्याने मोजून. दोरा आणि तंगूस यांच्या जोडावरून दर थोड्या वेळाने बोट फिरवायचं, खरखरीत लागला तर तोडून नवीन. जोड रॉडच्या टोकाच्या कडीत ओढून घ्यायचा नाही. अंधारात अंदाज येत नाही आणि कडीतली चकती फुटते.

वेणीच्या दोऱ्याची एक खोड सांगते, ती रात्री सगळ्यात जास्त सतावते. फेकल्यावर हँडल फिरवून बेल (रिळावरची तारेची कमान) मिटवली तर रिळावर एक सैल फास राहतो. पुढच्या फेकीला तो बाकीचा दोरा घेऊन बाहेर येतो आणि सगळा गुंता कडीत अडकतो. समोरून वारा असेल तर हमखास. उपाय साधा: बेल हाताने मिटवायची, दोरा दोन बोटांत धरून एक हिसका द्यायचा, मगच ओढायला लागायचं. प्रत्येक फेकीला.

ल्यूर दोन पुरे. एक नीडलफिश, सहा-सात इंचांची लाकडी काडी, ती सँड ईलसारखी दिसते. दुसरा बकटेल, शिशाचं डोकं आणि हरणाच्या शेपटीचे केस, एक ते दीड औंसाचा, पाणी जोरात असेल तेव्हा. काळोखात काळा, चांदण्यात पांढरा असं सगळे सांगतात, आणि मीही तसंच करते, पण रंगापेक्षा वेग शंभरपट महत्त्वाचा. हँडलचा एक फेरा पुरा व्हायला दोन सेकंद लागले पाहिजेत. नीडलफिशला झटके द्यायचे नाहीत, ती सरळ, संथ येऊ द्यायची. नुसती ओढत राहणं कंटाळवाणं वाटून हात आपोआप जलद होतो, तिथेच मासा हुकतो. कधी कधी पाणी चमकतं, आपल्याकडे कोकणात चमकतं तसंच. अशा रात्री दोऱ्याभोवतीही उजेडाची रेघ उठते आणि मासा बिथरतो. तेव्हा आणखी संथ.

त्रिशूळ गळ मी काढून एकेरी लावले आहेत आणि त्यांचे काटे पकडीने दाबून सपाट केले आहेत. ल्यूरला दोन त्रिशूळ असले की एक माशाच्या तोंडात असतो आणि मासा उसळला की दुसरा आपल्या हातात. रात्रीच्या मासेमारीत ही सगळ्यात नेहमीची इजा. सपाट गळ माशातूनही पटकन सुटतो आणि हातातूनही. जिवंत ईल लावून मोठे मासे लागतात, पण आमिषाला सर्कल हुक (टोक आत वळलेला गोल गळ) लावणं सक्तीचं आहे आणि बुळबुळीत ईल अंधारात सांभाळणं त्रासाचं. या खेपेला नको.

मासा लागला की धाडकन कळतं. शेवाळ लागलं तर नुसतं जड होतं. हिसका मारायचा नाही, दोरा ताठ ठेवून रॉड उचलायचा. खरी कसोटी शेवटच्या लाटेत. मासा काठाशी आला की मागे फिरणारं पाणी त्याला आत खेचतं, आणि त्याच वेळी माणूस जोर लावतो. गळ निसटतात ते इथेच. पाणी मागे जाताना दोरा जाऊ द्यायचा, पुढची लाट आली की तिच्याबरोबर त्याला ओल्या वाळूवर घ्यायचं.

मग आधी लाल दिवा लावून मासा कोणता ते बघायचं. बासचे ओठ घासकागदासारखे, त्याला अंगठ्याने खालचा जबडा धरून उचलता येतं. पण जुलैत ब्लूफिशही असतो आणि त्याचे दात बोट कापून काढतात. बघितल्याशिवाय अंगठा तोंडात नाही. बासच्याही कल्ल्याची कड धारदार असते. पांढरा दिवा पाण्यावर मारायचा नाही, जवळचे मासे घळ सोडून जातात आणि शेजारी उभे असलेलेही नाराज होतात.

ठेवायचा कोणता, हे कायद्याने ठरलेलं आहे. २८ इंच किंवा जास्त, पण ३१ च्या आत, शेपटीची दोन्ही टोकं जुळवून मोजलेला. माणशी दिवसाला एक. ही वरची मर्यादा २०२३ ला खाली आली, कारण २०२२ मध्ये पकड एकदम वाढली, आणि चेसापीकमध्ये २०१९ पासून पिल्लं सरासरीपेक्षा सतत कमी निपजत आहेत. १९८० च्या सुमाराला हा मासा जवळजवळ संपला होता, मेरीलँडने १९८५ पासून पाच वर्षं मासेमारी पूर्ण बंद ठेवली, तेव्हा तो सावरला. मोठी मादी लाखो अंडी घालते, तिला परत सोडणं मला कायदा नसता तरी योग्यच वाटलं असतं.

सोडायचीही रीत आहे. हात ओले करून पोटाखाली आधार द्यायचा, नुसतं जबड्याने लटकवायचं नाही. कोरड्या वाळूवर लोळवायचं नाही, अंगावरचा चिकट थर जातो. पाण्याबाहेर तीस सेकंदांच्या आत. मग जबडा धरून, तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात स्थिर धरायचं. तो अंगठ्यावर जबडा आवळतो, शेपटी मारतो, तेव्हाच सोडायचा. पाणी २१ अंशांच्या वर गेलं असेल तर त्यात प्राणवायू कमी असतो, दमलेला मासा पोहत गेला तरी पुढे मरतो. त्या रात्री मासेमारीच नको. निघण्याआधी पाण्याचं तापमान मी बघेनच.

आई, आता तुझ्यासाठी. बाबा वेडर घालतील, ती छातीपर्यंतची जलरोधक तुमान, आणि वरून कमरेला पट्टा घट्ट. माणूस पडला तर पट्ट्यामुळे आत पाणी पटकन भरत नाही. पट्ट्याशिवाय वेडर घालू देणार नाही. गळ्याभोवती फुगणारं जॅकेट. पाणी गुडघ्याच्या खालीच. हवा रात्री गार होते, वाऱ्यात स्वेटर लागतो. डासांना मलम आहे. गवतातून चालायचं नाही, गोचिडी असतात, ठरलेल्या पायवाटेनेच जायचं आणि घरी आल्यावर पाय तपासायचे. मी हाताच्या अंतरावर असेन. तुला यायचं असेल तर गाडी जवळच उभी असेल, खुर्ची आणि शाल घेऊन बस.

ठेवण्याजोगा मासा मिळाला तर लगेच कल्ले कापून रक्त जाऊ देते आणि बर्फात घालते. मांस पांढरं, जाड, तुकडे कालवणात फुटत नाहीत. मधला लालसर पट्टा काढून टाक, त्याला उग्र वास असतो. चिंचेचं कालवण करायचं की तळायचे, ते तू ठरव.

खाऱ्या पाण्याचा परवाना बाबांसाठी काढायचा आहे, साठीच्या पुढे फी नाही पण परवाना हवाच. त्यासाठी आणि वेडरसाठी मला हे कळवा: जाड मोजा घालून पावलाची लांबी, उंची, छातीचा घेर. बाबांनी रोजचा चष्मा बरोबर ठेवावा, रात्रीही घालायचा आहे, फेकताना गळापासून डोळा वाचतो. तिथून गऱ्या आणू नका, सामानात कपड्यांत अडकतात, इथे सगळं आहे.

तुमची,
अनघा