तासगावला कायदा, सांगलीला नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘हिंदूंना घटस्फोट १९५५ मध्ये मिळाला’ असे आपल्या रविवारच्या पुरवणीत छापून आले आहे. निदान आपल्या भागापुरते ते खरे नाही.

मुंबई प्रांताचा हिंदू घटस्फोट कायदा १९४७ चा. (बडोद्यात सयाजीरावांनी तो १९३१ मध्येच केला होता.) पण प्रांताचा कायदा चालायचा खालसा मुलखात, म्हणजे संस्थानिकांच्या नव्हे तर थेट सरकारच्या अमलाखाली. तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात, म्हणजे खालसा. सांगली, मिरज, जत संस्थानी. नवऱ्याने सलग चार वर्षे टाकलेली तासगावची बाई कोर्टात जाऊ शकत होती. तासाभराच्या वाटेवरच्या सांगलीत तो कायदा लागूच नव्हता. ८ मार्च १९४८ ला संस्थाने प्रांतात विलीन झाली, त्यानंतरच सांगलीकरांना ही वाट खुली झाली.

गंमत पुढेच आहे. १८ मे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने हा प्रांतिक कायदा रद्द केला आणि ‘टाकून देणे’ हे घटस्फोटाचे थेट कारण राहिले नाही. आधी दोन वर्षे टाकल्याचे दाखवून न्यायिक विभक्ततेचा (लग्न न मोडता वेगळे राहण्याचा) हुकूम घ्यायचा, मग आणखी दोन वर्षे एकत्र नांदले नाहीत म्हणून घटस्फोट मागायचा. वर्षे चारच, पण दावे दोन आणि वकिलाची फीही दोनदा! १९७६ च्या दुरुस्तीने दोन वर्षे टाकल्यावर सरळ घटस्फोट मिळू लागला.

या सगळ्याआधीपासून अनेक जातींत काडीमोड होतीच. १९५५ च्या कायद्याचे कलम २९(२) ती आजही मानते. पण घोटाळाही तिथेच होतो. स्टँप पेपरवर सोडचिठ्ठी लिहिली, दोन पंचांच्या सह्या घेतल्या, नोटरीचा शिक्का मारला की मोकळे झालो, अशी समजूत असते. आपल्या जातीत ही रूढी आहे हे दाव्यात स्पष्ट मांडून पुराव्याने सिद्ध करावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले आहे. ते जमले नाही तर पहिले लग्न कायम आणि दुसरे रद्दबातल. दुसऱ्या बायकोला हे बहुधा पेन्शनच्या कागदांच्या वेळी कळते.

राज्य बदलले की कायदा बदलतोच, असेही नाही. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, पण १९६२ च्या कायद्याने तिथले पोर्तुगीज कायदे चालू ठेवले. घटस्फोटाचा कायदा ३ नोव्हेंबर १९१० चा. त्यात तीन वर्षे घर सोडून जाणे किंवा राजीखुशीने दहा वर्षे वेगळे राहणे हीसुद्धा कारणे आहेत. चर्चमध्ये लग्न लावणाऱ्या कॅथलिकांना मात्र १९४६ च्या फर्मानाने दिवाणी घटस्फोट बंद केला. पोर्तुगालने स्वतः ही बंदी १९७५ मध्ये उठवली. गोवा तोवर त्यांच्या हातून गेला होता.

सांगली-कोल्हापूरची गोव्याशी सोयरीक जुनी. तेव्हा तिकडचे प्रकरण आले की अर्जाचा मसुदा करण्याआधी लग्न कोणत्या साली झाले, नोंद सिव्हिल रजिस्ट्रारकडे आहे की चर्चमध्ये, आणि जोडपे मूळचे कुठले, हे विचारून घ्यावे.

– एक वकील, सांगली