काकू, आजारी मी होते, रिपोर्ट नव्हता

काकू, हे तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही 'चल, काहीतरीच' म्हणून चहा टाकायला उठला असता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

तो मेल आठवतोय ना? मला ताप होता, महिनाअखेरचा रिपोर्ट राहिला आणि मी साहेबांना लिहिलं, 'बीइंग सिक, द रिपोर्ट कुड नॉट बी कम्प्लीटेड.' साहेबांनी अख्ख्या टीमला सीसीत ठेवून विचारलं, रिपोर्टला डॉक्टरकडे नेलं का? पुढे आठवडाभर जो तो रिपोर्टची तब्येत विचारत होता, पण चूक काय ते एकानेही सांगितलं नाही. त्याआधी पैसे भरून ज्या क्लासला जात होते तिथल्या सरांना विचारलं तर म्हणाले, पार्टिसिपल फ्रेज आहे, पाठ करा, आणि वर, 'मराठी मीडियम का?'

तुम्ही ग्रामर काढलंच नाहीत. म्हणालात, पाऊस आला ते मराठीत सांग बघू. 'स्टेशनला जाताना पाऊस आला.' बरोबर, म्हणालात, जाणारी तू, येणारा पाऊस, तुझं ते 'ताना' दोघांनाही सांभाळून घेतं. आता 'जाऊन' लाव. 'स्टेशनला जाऊन पाऊस आला'... आणि मला हसूच फुटलं, पाऊस जणू पास काढून आलाय! इंग्रजीत वाक्याच्या तोंडाशी बसलेलं ते आयएनजी या 'जाऊन'सारखं वागतं, कॉमानंतर जो कर्ता येईल त्याच्याच गळ्यात पडतं. 'वॉकिंग टु द स्टेशन, द रेन स्टार्टेड' म्हणजे पाऊस चालत निघाला. 'वॉकिंग टु द स्टेशन, आय गॉट वेट' म्हटलं की चालणारी मी.

मग माझ्या मेलच्या प्रिंटवर पेन्सिलीने (लाल पेन नाही, हे मी बघितलं हं) 'बीइंग सिक'पासून 'रिपोर्ट'पर्यंत बाण काढलात आणि टोकाला तोंडात थर्मामीटर धरलेला कागद. खाली, 'बीइंग सिक, आय कुड नॉट कम्प्लीट द रिपोर्ट.' 'बीइंग संडे, द ऑफिस वॉज क्लोज्ड'चं कोडंही तिथेच सुटलं, ऑफिस काही रविवार नसतं, म्हणून आधी 'इट' हवं, 'इट बीइंग संडे'.

पण काकू, खरं सांगू, हे सगळं कुठेतरी सापडलंही असतं. तुम्ही उठता उठता सहज म्हणालात, 'अगं, तुझी मराठी पक्की आहे म्हणून ही चूक होते.' आजवर माझ्या मराठीला इंग्रजीतल्या चुकीची कारण म्हणून शिवीच मिळाली होती, कौतुक पहिल्यांदाच. घरी येऊन थोडी रडले पण. समोरच्याला लहान न करता शिकवणारी माणसं असतात, फक्त ती क्लासच्या बोर्डावर नसतात.

आणि ऐका, काल साहेबांचाच मेल आला, 'हॅविंग चेक्ड द फाइल, द मीटिंग इज पोस्टपोन्ड.' फाइल मीटिंगने चेक केली! हसले, पण कोणाला फॉरवर्ड नाही केला. मीटिंगला चष्मा लावलेलं चित्र काढलंय, संध्याकाळी घेऊन येते, चहा टाका.