टम्नसचं नाव बदलायचं नाही

फोंडा, गोवा
श्रावणातला रविवार

प्रिय मित्रा,

सी. एस. लुईसच्या 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' ह्या गोष्टीतल्या टम्नसला मराठीत सांगताना तू सुचवलेलं 'अजानन' हे नाव मी चार दिवस जिभेवर घोळवलं. नाही जमत. बोकडाचं तोंड मिळालं ते दक्षाला. टम्नस नेमका उलटा: कमरेवर माणूस, खाली बोकड.

दर रविवारी सोप्यावर वाड्यातली मुलं जमतात, त्यांना मी ही गोष्ट मराठीत सांगतो. बर्फातून छत्री धरून, बगलेत पुडकी घेऊन तो येतो, तिथेच एकाने विचारलं, "हो देवचार?" म्हणजे हा आमचा राखणदार भूत का? प्रश्न चांगला होता. देवचारही रात्री काठी-घोंगडं घेऊन गावाची राखण करतो. पण देवचाराला आपण भिऊन मान देतो, आणि इथे तर टम्नसच बिचारा भ्यालेला. दुसरीला शिंगं नि खूर ऐकून देवदूताच्या पायाखालचा सैतान आठवला. मग मी शेपटीचं सांगितलं. बर्फात लोळू नये म्हणून त्याने ती छत्रीच्या हातावर टाकलेली असते, पावसात आपले आजोबा धोतराचा सोगा सांभाळत तसे. तेवढ्याने भीती गेली.

लुईसच्या डोळ्यांपुढे हे छत्रीचं चित्र सोळाव्या वर्षापासून होतं, असं त्याने स्वतः लिहिलंय. पुस्तक आलं 1950 साली, तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला. एवढी वर्षं मनात राहिलेल्या माणसाला (माणूसच म्हणतो मी) वर्णनाचं लेबल लावायला माझा हात धजत नाही.

आणि नाव तरी किती नेमकं आहे बघ. रोमन लोकांचा व्हर्टुम्नस नावाचा देव होता, ऋतू पालटवणारा, फळबागांचा. टम्नस त्यातूनच आला असावा, असं बरेच वाचक मानतात आणि मलाही ते पटतं. चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीला आंबाडे, तोरिंग, सुपारीचं शिपटं बांधणाऱ्या पोरांना असा देव समजावून सांगावा लागत नाही. रोमन त्याचं नाव 'वळणे' ह्या अर्थाच्या क्रियापदाशी जोडत, आणि ते क्रियापद आपल्या 'परिवर्तना'तल्या 'वृत्'चं सख्खं भावंड. टम्नसची सगळी गोष्टच वळण्याची आहे. माणसाचं मूल दिसलं की पांढऱ्या चेटकिणीच्या हवाली करायचं, असं त्याने कबूल केलेलं. तो लूसी नावाच्या मुलीला घरी नेतो, चहा देतो, बासरी वाजवून गुंगवतो, आणि मग ओक्साबोक्शी रडायला लागतो. रुमाल पिळून पिळून जमीन ओली होते. तो तिला धरून देत नाही, दिव्याच्या खांबापर्यंत पोचवून येतो. त्याची शिक्षा पुढे भोगतोच.

त्याच्या जातीला, म्हणजे इंग्रजीतल्या 'फॉन'ला, मात्र मराठी शब्द हवा होता. 'किन्नर' शब्दाचा अर्थ आज वेगळा झालाय. मी 'किंपुरुष' घेतला, म्हणजे 'हा माणूस की काय?' टम्नसच्या फळीवर एक पुस्तक असतं, माणूस ही दंतकथा आहे का, असं विचारणारं. त्याच्या बाजूने पाहिलं तर किंपुरुष आपणच!

शिवाय तो स्वतःच नावं चुकीची ऐकतो. लूसी ज्यातून त्याच्या देशात आली त्या रिकाम्या खोलीतल्या कपाटाबद्दल सांगते, आणि त्याला वाटतं तो एक देश नि त्यातलं नगर. मी लूसीच्या तोंडी 'आडखोलीतलं कपाट' घातलं आणि टम्नसने केली 'आडखोल देशातली कपाटनगरी'. आडखोल आमच्या आडपई गावाच्या जवळ काय, म्हणून मुलं विचारत होती.

चेटकिणीच्या राज्यात सदा हिवाळा आणि नाताळ कधीच नाही, हे वाक्य इथे जसंच्या तसं चाललं. बर्फ कुणी पाहिलेला नाही, पण नक्षत्रं, म्हणजे नाताळचे चांदणीचे कंदील, न टांगलेला डिसेंबर कसा असेल ते सगळ्यांना कळलं.

एक बदल मात्र मुलांनीच केला. लूसी त्याला मिस्टर टम्नस म्हणते. 'टम्नसराव' परका वाटला, 'काका' फार लवकर जवळचा. आता सगळे गोव्याच्या आदराच्या रीतीने म्हणतात 'टम्नसबाब'. तुला पुण्यात बसून हे खटकेल, पण मी ते राहू देणार आहे.

पुढच्या रविवारी त्याची गुहा उद्ध्वस्त झालेली सापडते, तो भाग. दार मोडलेलं, आणि त्याच्या बापाच्या तसबिरीच्या चिंध्या झालेल्या. धाकटीने आत्ताच बजावून ठेवलंय, टम्नसबाब परत येणार असेल तरच वाच.

तुझाच,
मित्र